स्थूल मुलाच्या औषधाची मात्रा कोणत्या वजनाने मोजावी?

लहान मुलाला औषध देताना त्याचे वजन विचारावे, दर किलोमागे ठरलेल्या मिलिग्रॅमांनी त्या वजनाला गुणावे आणि येणारा आकडा चिठ्ठीवर लिहावा, हा दवाखान्यांचा आणि रुग्णालयांचा जुना शिरस्ता आहे; आणि तो बहुसंख्य मुलांच्या बाबतीत इतका बिनबोभाट चालतो की, त्याच्या बुडाशी एक गृहीत गोष्ट आहे याचे भान सहसा कोणाला राहत नाही. ते गृहीत असे की, शरीराचा प्रत्येक किलो सारखाच असतो; 20 किलोच्या मुलापेक्षा 40 किलोच्या मुलाचे यकृत, मूत्रपिंडे, रक्त आणि अंगातील पाणी ही सारी ढोबळमानाने दुप्पट असतात, म्हणून औषधही दुप्पट लागते. ज्या मुलाच्या वजनात चरबीचा वाटा मोठा आहे त्याच्या बाबतीत मात्र हे गृहीत टिकत नाही. कारण अंगावर चढलेल्या 20 किलो चरबीबरोबर यकृत वा मूत्रपिंड त्या प्रमाणात मोठे होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे 2022 साली जगातील 5 ते 19 वर्षे वयाची 39 कोटींहून अधिक मुले प्रमाणाबाहेर वजनाची होती आणि त्यांपैकी 16 कोटी स्थूल या सदरात मोडत होती. या मुलांनाही ताप येतो, हाडात पू होतो, शस्त्रक्रियेसाठी भूल द्यावी लागते. आणि त्या प्रत्येक प्रसंगी डॉक्टरांपुढे प्रश्न उभा राहतो तो हा की, मात्रेचा हिशोब कोणत्या वजनावर करावा. या प्रश्नाचे उत्तर काढण्यासाठी अलीकडे संगणकीय प्रतिमानांचा जो उपयोग होऊ लागला आहे, तो काय आहे, त्यावर कितपत विसंबावे आणि आपल्या मुलाच्या बाबतीत आईवडिलांनी व घरच्या डॉक्टरांनी प्रत्यक्षात काय करावे, हे सांगण्यासाठी प्रस्तुत लेख लिहिला आहे.

मुलांच्या मात्रेचा प्रश्न नवा नाही. प्रौढाच्या मात्रेला मुलाच्या वयाने गुणून, वय अधिक बारा या बेरजेने भागावे, हा यंगचा नियम. अथवा मुलाचे पौंडांतील वजन 150 ने भागून तो अपूर्णांक घ्यावा, हा क्लार्कचा नियम. असे आडाखे कित्येक पिढ्यांच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांनी तोंडपाठ केले. मूल म्हणजे लहान मापाचा प्रौढ नव्हे, ही गोष्ट मोठी किंमत देऊन शिकावी लागली. 1950 नंतरच्या दशकात क्लोरॅम्फेनिकॉल हे प्रतिजैविक नवजात बालकांना त्यांच्या अपक्व यकृताला न पेलणाऱ्या मात्रेत दिले गेले आणि त्यांतील काही बालके अंग राखाडी पडून दगावली. पुढे 1968 साली हॅरी शर्की या अमेरिकी बालरोगतज्ज्ञांनी, नव्या औषधांच्या चाचण्यांतून वगळली गेलेली मुले ही उपचारांच्या बाबतीत अनाथच होत, असे लिहून या अन्यायाला नाव दिले. अमेरिकेत 2002 आणि 2003 साली झालेल्या कायद्यांनी मुलांवरील औषधांच्या अभ्यासाला उत्तेजन दिले आणि काही बाबतींत तो सक्तीचाही केला. तथापि या अनाथांमध्येही स्थूल मुले अधिक अनाथ राहिली. कारण चाचणीसाठी निवड करताना वजन ठराविक मर्यादेत असलेली मुलेच घेण्याकडे कल असतो आणि स्थूल मूल त्या मर्यादेबाहेर पडते. परिणामी औषधाच्या वेष्टनातील माहितीपत्रकात मुलांची मात्रा छापलेली असली, तरी ती बहुधा सडपातळ मुलांवरून ठरलेली असते.

चरबीने नेमका काय फरक पडतो, हे समजून घेतल्याखेरीज पुढील विवेचन कळणार नाही, म्हणून त्याचा थोडा तपशील देतो. स्नायूंच्या वजनात सुमारे तीन-चतुर्थांश पाणी असते. चरबीच्या ऊतीत पाण्याचा अंश फारच थोडा असतो आणि वजनाच्या मानाने तिला होणारा रक्तपुरवठाही बेताचाच असतो. जेंटामायसिनसारखे जे औषध पाण्यात विरघळते आणि पेशींच्या बाहेरच्या द्रवात वावरते, त्याला चरबीत फारसा शिरकाव नसतो. म्हणून संपूर्ण वजनावर मोजलेली त्याची मात्रा स्थूल मुलाच्या रक्तात अपेक्षेपेक्षा दाट उतरते, आणि मूत्रपिंडाला व कानाला अपाय करणाऱ्या अशा औषधाच्या बाबतीत तो दाटपणा क्षम्य नसतो. उलट मिडाझोलामसारखे स्निग्धात विरघळणारे गुंगीचे औषध चरबीत मुरते, तेथे साठते आणि सावकाश रक्तात परतते, त्यामुळे त्याचा अंमल लांबतो. परंतु चरबी आणि पाणी एवढ्याच दोन खात्यांत हा जमाखर्च संपत नाही. स्थूल शरीरात मूत्रपिंडांतून होणारे रक्ताचे गाळण काही काळ वाढलेले असू शकते. यकृतात चरबी साठते. अनेक औषधांचे विघटन करणाऱ्या एका प्रमुख विकराचे, म्हणजे सीवायपी3ए4 चे, काम मंदावते, तर दुसऱ्या काही विकरांचे काम वाढते. आणि औषधाला बांधून ठेवणारी काही रक्तप्रथिने वाढतात. हे सगळे बदल एकाच दिशेने जात नाहीत, काही एकमेकांना छेदतात. आणि त्यातच मूल वाढीच्या ज्या टप्प्यावर असेल त्याचा प्रभाव वेगळा पडतो.

डॉक्टरांनी आणि जिज्ञासू पालकांनीही एक भेद मनात पक्का करून ठेवावा, कारण त्याच्या अभावी या विषयात बराच गोंधळ माजतो. औषध शरीरात किती पसरते, यावर पहिली मात्रा अवलंबून असते. शरीर ते किती वेगाने बाहेर टाकते, म्हणजे त्याचा निचरा किती होतो, यावर पुढच्या नेहमीच्या मात्रा अवलंबून असतात. स्थूल मुलात औषधाचा पसारा वाढलेला असून निचरा मात्र तेवढाच राहिला, असे वारंवार घडते; अशा वेळी पहिली मात्रा मोठी लागेल आणि पुढच्या मात्रा त्या मानाने लहान अथवा अधिक अंतराने द्याव्या लागतील. दोन्हींसाठी एकच वजन धरून बसणारा हिशोब एका बाजूला तरी चुकणारच.

आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. मुलगा 10 वर्षांचा, उंची 140 सेंटिमीटर, वजन 60 किलो. वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता त्याचा बीएमआय 30.6 येतो. त्या वयाच्या मुलांचा मध्यम बीएमआय सुमारे 16.5 धरला आणि त्याला याच उंचीच्या वर्गाने गुणले, तर उंचीला साजेसे वजन 32 किलो निघते. या दोहोंतील फरक 28 किलोंचा. त्या फरकाचा चार-दशांश भाग साजेशा वजनात मिळवला तर 43 किलो हे तिसरे, म्हणजे समायोजित वजन मिळते. मूल एक, पण हिशोबाला वजने तीन : 60, 32 आणि 43. पॅरासिटामॉल दर किलोला 15 मिलिग्रॅम या दराने द्यायचे ठरवले, तर पहिल्या वजनाने 900, दुसऱ्याने 480 आणि तिसऱ्याने 645 मिलिग्रॅम अशी मात्रा येते. म्हणजे एका टोकाची मात्रा दुसऱ्या टोकाच्या जवळजवळ दुप्पट आहे. पॅरासिटामॉलच्या बाबतीत अनेक रुग्णालये सावधगिरीने उंचीला साजेसे वजन धरतात, आणि जेंटामायसिनच्या जातीच्या औषधांसाठी समायोजित वजन धरण्याची वहिवाट प्रौढांवरून मुलांकडे आली आहे. या वहिवाटी निरुपयोगी नाहीत, अडल्या वेळी त्यांचाच आधार घ्यावा लागतो. पण तो चार-दशांशाचा आकडा प्रौढांच्या शरीरावरून निघाला, 5 वर्षांच्या मुलीला आणि 16 वर्षांच्या मुलाला तो सारखाच लागू पडेल असे मानण्यास शरीरशास्त्राचा पुरावा नाही, हे विसरता कामा नये. वजनाच्या एका आकड्याऐवजी दुसरा आकडा घेणे हा तडजोडीचा मार्ग आहे. औषधाचा शरीरातील प्रत्यक्ष प्रवास पाहणे हा खरा मार्ग आहे, आणि संगणकीय प्रतिमान नेमके हेच करू पाहते.

या कल्पनेचे जनकत्व स्वीडनमधील तोर्स्तेन तेओरेल या शास्त्रज्ञाकडे जाते. 1937 साली त्याने औषधाचे शरीरातील वितरण गणिती समीकरणांनी मांडले. परंतु ती समीकरणे हाताने सोडवणे इतके किचकट होते की, कल्पना योग्य असूनही संगणकांचा प्रसार होईपर्यंत तिला वाट पाहावी लागली. एखाद्या कालव्याचे पाणी कोणत्या चारीला किती जाते, कोणत्या शेतात किती मुरते आणि शेवटी नदीला किती मिळते याचा पाटबंधारे खात्याचा अभियंता जसा हिशोब ठेवतो, तसा हे प्रतिमान रक्तातून जाणाऱ्या औषधाचा ठेवते. मेंदू, हृदय, यकृत, मूत्रपिंड, स्नायू, चरबी असे शरीराचे विभाग पाडले जातात. प्रत्येक विभागाचे आकारमान आणि त्यात येणारा रक्तप्रवाह नमूद केला जातो. औषधाचे गुणधर्म, म्हणजे ते स्निग्धात किती विरघळते, प्रथिनांना किती चिकटते, कोणते विकर त्याचे विघटन करते, हे दुसऱ्या बाजूने भरले जातात. आणि मग दर क्षणाला प्रत्येक विभागात औषध किती आहे, हे संगणक सोडवून दाखवतो. या पद्धतीला शरीरक्रियाधिष्ठित प्रतिमान म्हणावे. यासाठी पीके-सिमसारखी कोणालाही मोफत उपलब्ध असलेली प्रणालीही आज आहे.

स्थूल मुलासाठी असे प्रतिमान थेट बांधता येत नाही. ते पायरीपायरीने बांधावे लागते, आणि वाचकाने विश्वास ठेवावा की नाही हे या पायऱ्यांवरच ठरते. प्रथम प्रौढांमध्ये औषध शिरेतून आणि तोंडाने दिल्यावर रक्तात जे आकडे मोजले गेले, ते प्रतिमानाला जुळवून दाखवता आले पाहिजेत. नंतर वयाप्रमाणे अवयवांची वाढ आणि विकरांची परिपक्वता लक्षात घेऊन तेच प्रतिमान सडपातळ मुलांपर्यंत उतरवले जाते आणि त्यांच्या रक्तातील आकड्यांशी त्याची रुजुवात घेतली जाते. त्यानंतर स्थूलतेमुळे होणारे बदल त्यात घातले जातात, आणि एका मुलाऐवजी निरनिराळ्या वयांची, उंचींची, वजनांची शेकडो कल्पित मुले संगणकात निर्माण केली जातात. कारण सरासरी मूल दवाखान्यात कधीच येत नाही, येते ते सरासरीच्या अलीकडचे किंवा पलीकडचे. शेवटची रुजुवात खऱ्या स्थूल मुलांच्या रक्ताशी होते. ही शेवटची पायरी ज्यात नाही, असे प्रतिमान कितीही देखणे असले तरी मी त्याला अंदाजाहून अधिक मान देणार नाही.

अमेरिकेत ड्यूक विद्यापीठाच्या क्लिनिकल संशोधन संस्थेमार्फत चालणारे, आणि तेथील बालआरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेच्या पैशावर उभे असलेले ‘पीडिएट्रिक ट्रायल्स नेटवर्क’ या बाबतीत अभ्यासण्यासारखे आहे. मुलाच्या शरीरातून संशोधनासाठी वारंवार रक्त काढणे पालकांना रुचत नाही आणि ते योग्यही नव्हे. म्हणून या मंडळींनी अशी तजवीज केली की, ज्या मुलांना डॉक्टरांच्या सल्ल्याने ते औषध आधीच चालू आहे, त्यांचे नेहमीच्या तपासणीसाठी रक्त काढले जाईल तेव्हाच थोडेसे अधिक घ्यावे आणि औषध केव्हा दिले, रक्त केव्हा घेतले याची काटेकोर नोंद ठेवावी. एकेका मुलाकडून दोन-चारच आकडे मिळतात, पण अनेक रुग्णालयांतील पुष्कळ मुलांचे आकडे एकत्र आले की, संख्याशास्त्राच्या साह्याने त्यांतून औषधाच्या वर्तनाचे चित्र उभे राहते. वगळण्याऐवजी समावेश करण्याचे धोरण असल्यामुळे स्थूल मुलेही या नोंदींत आपसूक आली. याच सामग्रीच्या आधारे 2022 साली स्थूल मुलांच्या कल्पित लोकसंख्येचे एक प्रतिमान प्रसिद्ध झाले, आणि त्याची परीक्षा क्लिंडामायसिन व को-ट्रायमोक्साझोल या दोन प्रतिजैविकांवर घेण्यात आली.

ही निवड मला मार्मिक वाटते. क्लिंडामायसिन रक्तातील एका विशिष्ट प्रथिनाला मोठ्या प्रमाणावर बांधले जाते, आणि स्थूलतेत ते प्रथिन वाढू शकते; शिवाय त्याचे विघटन करणारे विकर तेच, ज्याचे काम स्थूलतेत मंदावते. को-ट्रायमोक्साझोलच्या एकाच गोळीत दोन भिन्न प्रकृतीची औषधे नांदतात : ट्रायमेथोप्रिम ऊतींमध्ये दूरवर पसरते आणि बहुतांशी न बदलता मूत्रावाटे जाते, तर सल्फामेथोक्साझोल मुख्यतः पेशींबाहेरच्या पाण्यात राहते आणि त्याची विल्हेवाट यकृत लावते. म्हणजे प्रथिने, यकृत, मूत्रपिंड, पाणी आणि ऊती या साऱ्यांची परीक्षा दोन औषधांत होऊन जाते. आणि येथे एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. स्थूल मुलांना सरसकट कमी औषध द्यावे, असा निष्कर्ष या क्षेत्रातील कामातून निघत नाही. क्लिंडामायसिनविषयी 2017 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, स्थूल मुलांनाही संपूर्ण वजनावर मोजलेली मात्रा योग्य ठरते असे दिसले. तर आम्लपित्तासाठी दिल्या जाणाऱ्या पॅन्टोप्राझोलच्या 2018 सालच्या अभ्यासात नेमके उलट आढळले, म्हणजे स्थूल मुलांना संपूर्ण वजनावर मोजले तर औषध अधिक होते आणि चरबी वगळून उरणाऱ्या वजनावर ते मोजणे इष्ट ठरते. दोन्ही औषधे नित्य वापरातली, मुलेही त्याच प्रकारची, तरीही उत्तर वेगळे. जो डॉक्टर भीतीपोटी प्रत्येक स्थूल मुलाची मात्रा निम्म्यावर आणतो, तो हाडाच्या जंतुसंसर्गात अपुरे प्रतिजैविक देऊन त्या मुलाला तितकाच अपाय करतो, जितका अपाय दुसऱ्या एखाद्या औषधाची अवास्तव मात्रा देणारा करतो. औषधागणिक उत्तर शोधावे लागते, यातून सुटका नाही.

पालकांनी करण्याच्या गोष्टी फार अवघड नाहीत, पण त्या नेमाने झाल्या पाहिजेत. डॉक्टरांकडे नेताना मुलाचे वजन अंदाजाने सांगू नये. आणि वजनाइतकीच उंचीही मोजवून घ्यावी, कारण उंचीशिवाय वरील तिन्हींपैकी दोन वजने काढताच येत नाहीत. आपल्याकडील अनेक चिठ्ठ्यांवर वजन असते, उंची नसते. ती लिहून घेण्याचा आग्रह धरण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. मूल झोपेत मोठ्याने घोरते का, झोपेत त्याचा श्वास मध्येच थांबल्यासारखा होतो का, हे कोणी विचारले नाही तरी डॉक्टरांना सांगावे. विशेषतः शस्त्रक्रियेपूर्वी आणि वेदनाशामक औषध लिहून दिले जात असताना. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2017 साली 12 वर्षांखालील मुलांना कोडीन देऊ नये असे जाहीर केले, आणि 12 ते 18 वर्षांच्या मुलांपैकी जी स्थूल आहेत अथवा ज्यांना झोपेत श्वास अडण्याचा विकार आहे, त्यांना कोडीन व ट्रॅमाडॉल ही औषधे देऊ नयेत असा इशारा दिला. कारण त्यांच्यात श्वास मंदावण्याचा धोका अधिक असतो. खोकल्याच्या काही औषधांतही कोडीन असते, तेव्हा घरात शिल्लक असलेली मोठ्या माणसांची बाटली मुलाला देण्याचा मोह कटाक्षाने टाळावा.

तापाच्या औषधाच्या बाबतीत घरोघरी होणारी चूक निराळीच असते. पॅरासिटामॉलचे द्रावण आपल्याकडे 5 मिलिलिटरमध्ये 120 मिलिग्रॅम आणि 250 मिलिग्रॅम अशा दोन तीव्रतांत सर्रास मिळते. जुनी बाटली संपून नवी आली आणि चमचे मात्र तेवढेच राहिले, तर मात्रा नकळत दुप्पट होते अथवा निम्म्यावर येते. म्हणून मात्रा चमच्यांत नव्हे, मिलिग्रॅमांत लिहून घ्यावी. तसेच मूल दिसायला मोठ्या माणसाएवढे असले तरी त्याचे यकृत मोठ्या माणसाचे असेलच असे नाही. आणि वजनाच्या गुणाकाराने आलेली मात्रा प्रौढाच्या नेहमीच्या मात्रेहून मोठी येत असेल, तर ती देण्यापूर्वी डॉक्टरांना पुन्हा विचारले पाहिजे. कोणतीही लिहून दिलेली मात्रा आपल्या हिशोबाने कमी-अधिक करू नये, हे या लेखातील सर्व आकडेमोडीनंतरही मी आवर्जून बजावतो. ती आकडेमोड आहे ती डॉक्टरांशी बोलताना प्रश्न नीट विचारता यावा म्हणून. तो प्रश्न इतकाच : ‘डॉक्टर, ही मात्रा आपण कोणत्या वजनावर धरली आहे?’ हा प्रश्न चांगल्या डॉक्टरांना उद्धटपणाचा वाटणार नाही.

डॉक्टर-वाचकांसाठी थोडे अधिक. एखाद्या प्रतिमानाधारित अभ्यासाने सुचवलेली मात्रा वापरण्यापूर्वी, आपला रुग्ण त्या अभ्यासाच्या कक्षेत बसतो का, हे आधी पाहावे : त्यात कोणत्या वयाची मुले होती, आणि स्थूलता कोणत्या दर्जाची होती. अमेरिकेत वय व लिंगानुसार 95 व्या शतमानापासून वरचा बीएमआय स्थूल मानतात आणि त्या शतमानाच्या 120 टक्क्यांपासून पुढे तीव्र स्थूलता धरतात. अभ्यासात तीव्र स्थूलतेची मुले नसतील, तर तीव्र स्थूल रुग्णाला त्याचे निष्कर्ष लावणे धाडसाचे होय. अनुमान आणि मोजलेले आकडे एकाच आलेखावर दाखवले आहेत का, आणि खऱ्या मुलांचे बहुतेक आकडे अनुमानाच्या पट्ट्यात पडतात का, हे डोळ्यांनी पाहावे. निव्वळ सरासरी जुळली म्हणजे सर्व जुळले असे नव्हे. ‘उंचीला साजेसे वजन’ काढण्याच्या रीती एकाहून अधिक आहेत, आणि उंच अथवा बुटक्या मुलात त्यांची उत्तरे बरीच वेगळी येतात, म्हणून अभ्यासात जी रीत वापरली असेल तीच आपण वापरावी. आणि जेथे रक्तातील औषध मोजण्याची सोय आहे, तेथे प्रतिमानाकडून सुरुवातीची मात्रा घ्यावी, पण पुढचा निर्णय रक्ताच्या आकड्यावर सोपवावा. व्हँकोमायसिन हे प्रतिजैविक याचे उत्तम उदाहरण होय : संपूर्ण वजनाने मोजलेल्या मात्रेत स्थूल मुलांना त्याचा मारा अधिक होण्याचा संभव असतो, आणि 2020 सालच्या सुधारित अमेरिकी मार्गदर्शिकेने केवळ पुढच्या मात्रेपूर्वीच्या पातळीवर न विसंबता दिवसभरातील एकूण मारा 400 ते 600 या कक्षेत ठेवण्यास सांगितले आहे, ज्यासाठी एकदोन रक्तनमुन्यांवरून त्या विशिष्ट रुग्णाचे प्रतिमान दुरुस्त करून घेणाऱ्या संगणक-प्रणाली वापरता येतात. समूहाच्या प्रतिमानाने सुरुवात करून एका मुलाच्या रक्ताने ते सुधारणे, हा या साऱ्या विद्येचा सर्वांत उपयुक्त भाग आहे असे माझे मत आहे.

आपल्याकडे हे आकडे आणताना एक अडचण आहे, आणि तिचा पुरावा पुण्याजवळच्याच गावांतून आलेला आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्यानजीकच्या खेड्यांत गर्भवती स्त्रिया व त्यांच्या बालकांचा जो अभ्यास केला, त्यात असे आढळले की, आपल्या नवजात बालकांचे वजन इंग्लंडमधील बालकांहून बरेच कमी असते, पण ती तूट प्रामुख्याने स्नायू आणि पोटातील अवयव यांच्या वाट्याला येते; चरबी त्या मानाने राखलेली असते. सारख्याच बीएमआयला भारतीय शरीरात चरबी अधिक आणि स्नायू कमी, ही गोष्ट मोठ्या वयातही दिसते. म्हणूनच भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2015 सालच्या आपल्या वाढ-आलेखांत प्रमाणाबाहेरील वजन आणि स्थूलता यांच्या मर्यादा प्रौढांच्या अनुक्रमे 23 आणि 27 बीएमआयशी जुळवून, म्हणजे पाश्चात्त्य मर्यादांहून खाली ठेवल्या. मात्रेच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, अमेरिकी मुलांच्या मोजमापांवर उभारलेल्या कल्पित मुलाचे यकृत, स्नायू आणि चरबी यांचे प्रमाण औंधच्या किंवा औरादच्या मुलाला जसेच्या तसे लागू पडणार नाही, आणि अमेरिकी व्याख्येने ‘स्थूल’ न ठरणाऱ्या आपल्या मुलातही चरबीचा वाटा पुष्कळ असू शकेल. प्रतिमानाची थोरवी ही की, त्यात शरीराचे आकडे बदलता येतात. पण बदलण्यासाठी आपले आकडे आपल्याजवळ हवेत. आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या बालरोग-विभागांत प्रतिजैविके घेणाऱ्या स्थूल मुलांची संख्या थोडी नाही. त्यांची उंची, वजन, कमरेचा घेर, औषध दिल्याची वेळ आणि रक्त घेतल्याची वेळ एवढ्या नोंदी, नैतिक समितीच्या परवानगीने आणि पालकांच्या संमतीने, शिस्तीत ठेवल्या गेल्या, तर त्यांवरून काम करण्यास लागणारी संगणक-प्रणाली मोफत उपलब्ध आहे आणि गणित जाणणारे तरुणही आहेत. उणीव आहे ती अशा दप्तराची.

तोपर्यंत घरच्या घरी एक वही ठेवावी. तिच्यात दर तीन महिन्यांनी मुलाची उंची व वजन, आजवर कोणते औषध किती मिलिग्रॅम आणि किती दिवस दिले, त्याने गुण आला की नाही, गुंगी, ओकारी, पुरळ असे काही झाले का, आणि मूत्रपिंडाची वा यकृताची तपासणी झाली असल्यास तिचा आकडा व तारीख, हे लिहावे. अपस्माराचे किंवा दम्याचे औषध दीर्घकाळ चालू असेल, तर वाढीच्या वयात वर्षभरापूर्वीची मात्रा आज योग्य असेलच असे नाही. आणि आहार-व्यायामाने वजन उतरू लागले असेल, तर तीही गोष्ट पुढच्या भेटीत डॉक्टरांना आपण होऊन सांगून मात्रेचा फेरविचार करण्याची विनंती करावी.